एकाच बाजूला फिरणारी रिंग

सोनं घ्यायला म्हणून बाजारात गेले आणि मनगटावर पाणबुड्यांचं घड्याळ बांधून घरी आले, तेव्हा नवऱ्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा: "हे कुणाचं आणलंस?"

कुणाचं म्हणजे? माझं!

नव्वदचं दशक निम्म्याच्या पुढे सरकलं होतं आणि आम्हाला कुवेतला येऊन काही वर्षं झाली होती. नवरा पुण्याचा, शुऐबा भागातल्या एका पेट्रोकेमिकल प्लँटमध्ये इंजिनियर. मी नाशिकची, कुवेतमधल्याच एका भारतीय शाळेत गणित शिकवणारी. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, लिहिताना मात्र अरे-तुरे. लेखणीला तेवढी मोकळीक हवीच. तर आम्हा बायकांचा एक रिवाज होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जायच्या आधी सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, जायचं आणि सोन्याचं काहीतरी घ्यायचं. गावी लग्नाकार्यात ते चारचौघींना दिसलं की आमचं बरं चाललंय हे वेगळं सांगावं लागत नसे. मग परत यायच्या आदल्या दिवशी तेच सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून यायचं. मला याचा भयंकर कंटाळा आला होता. ज्या वस्तूला घेतल्या घेतल्या कुलूप लावावं लागतं, ती घेण्यात कसली आलीय मजा?

सोन्याच्या गल्लीत वळायच्या आधी घड्याळांची दोन-तीन दुकानं लागायची. त्यातल्या एकाच्या काचेत ते ठेवलेलं होतं. काळी तबकडी, ठसठशीत काटे, भोवती निळी-लाल रिंग आणि जाडजूड रबरी पट्टा. शेजारी बायकांची घड्याळं मांडली होती, करंगळीच्या नखाएवढ्या सोनेरी तबकड्यांची, ज्यात वेळ बघायला आधी चष्मा शोधावा लागतो. मी काचेला नाक लावून उभी. दुकानातला माणूस रत्नागिरीकडचा निघाला. माझं मराठी पुटपुटणं त्यानं ऐकलं असावं.

"ताई, लेडीज या बाजूला हायत," तो म्हणाला.

"मला ते हवंय. ते काळं."

"ता जेंट्सचा. पाणबुडे घालतात ता."

"दाखवा तर खरं."

त्यानं ते माझ्या हातात दिलं आणि मी गारच झाले. काय वजन होतं! वाटीभर डाळ हातात घ्यावी तसं भरीव. "सेल नाय यात," तो सांगायला लागला. "हात हलला का आतलं चक्र फिरतं आणि त्यावर चालतं. काढून ठेवलंत तर दोन दिवसांत बंद पडंल."

"मी शाळेत शिकवते हो. माझे हात थांबत नाहीत."

तो हसला आणि त्यानं ती रिंग फिरवून दाखवली. कट् कट् कट् असा इतका नेमका आवाज, की मी ते घड्याळ त्याच्याकडून ओढूनच घेतलं. "पाण्यात उतरताना हा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा," तो म्हणाला. "मग काटा सरकंल तशी किती मिनिटं झाली ती रिंगेवर वाचायची." मी रिंग उलट फिरवायला गेले तर ती ढिम्म हलेना. बिघडली की काय म्हणून मी त्याच्याकडे बघितलं.

"ती एकाच बाजूला फिरते, ताई. मुद्दाम तशी केलीय. खाली दगडाला घासून फिरलीच, तर जास्त मिनिटं झाली असंच दाखवंल. कमी कधी नाय दाखवणार. माणूस लवकर वर येईल, पण हवा संपेपर्यंत आत नाय राहणार."

झालं! मी त्या घड्याळाच्या प्रेमात पडले ती त्या क्षणी. गणित शिकवणाऱ्या बाईला आणखी काय हवं? चूक होणारच हे धरून चालायचं, आणि ती झालीच तर कुठल्या बाजूला व्हावी हे आधीच ठरवून ठेवायचं. जपानमधल्या कुठल्या तरी कारखान्यात कुणीतरी बसून एवढा विचार केला होता, आणि त्याची किंमत एका बारक्याशा कानातल्यांपेक्षाही कमी होती. मी ते हातात घालूनच दुकानाबाहेर पडले. डबा पिशवीत टाकला आणि सोन्याच्या गल्लीकडे वळलेसुद्धा नाही.

घरी नवऱ्याचा प्रश्न मी वर सांगितलाच. मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. आम्ही मराठीत विचारायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "आई, दॅट्स अ मॅन्स वॉच," तिनं निकाल दिला. मी तिला बाथरूममध्ये नेलं, दार लावलं आणि दिवा घालवला. भर दुपारी त्या काळोखात काटे आणि ठिपके असे हिरवेगार उजळले की ती किंचाळलीच. "कॅन आय हॅव इट?" म्हणाली. नाही म्हणजे नाही, म्हटलं. सगळ्यांना सगळं देऊन झालंय, हे माझं आहे.

आणि मी ते रोज घातलं. कणीक मळताना, पापलेटं साफ करताना, भांडी घासताना, खडूनं फळा भरताना. काढून ठेवणं नाही, सांभाळणं नाही. तोझ आला, म्हणजे वाळूचं वादळ, की घरातल्या डब्यांतसुद्धा वाळू जायची, पण याच्या आत कणभर शिरली नाही. वाराच्या चौकटीत इंग्रजी ठेवता यायचं किंवा अरबी. मी हट्टानं अरबी ठेवलं. काही महिन्यांत मला वार अरबीत वाचता यायला लागले आणि त्या जोरावर मी बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, दुधाच्या पुड्यावरची अक्षरं लावायला लागले. शाळेत बाकीच्या शिक्षिका विचारायच्या, "आज मिस्टरांचं घालून आलात का?" मी म्हणायचे, "हो, ते माझं घालून गेलेत." दोन दिवसांनी कुणी विचारेनासं झालं. घड्याळ आठवड्याला मिनिटभर पुढे जायचं, तेवढं मी त्याला माफ केलं. मीही जाते.

स्वयंपाकघरात तर त्या रिंगेनं कमालच केली. कुकरच्या शिट्ट्या मोजणं मी सोडून दिलं. इडल्या लावल्या की कट् कट्, त्रिकोण काट्यासमोर. परीक्षेच्या वर्गात कट् कट्. शुक्रवारी पुण्याला सासऱ्यांना फोन लावला की कट् कट्, कारण फोनचं बिल हा आमच्या घरात रक्तदाब वाढवणारा विषय होता. अर्थात सासऱ्यांच्या बाबतीत मोजायची गरजच नव्हती. "बरे आहात ना? आम्ही बरे आहोत. ठेव आता, बिल वाढेल." एवढंच बोलून ते स्वतःच फोन ठेवायचे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, इकडे रिसीव्हर हातात धरून तसाच उभा राहायचा.

आता मुद्द्यावर येते. मुद्दा आहे एकांकिका.

मराठी माणसं कुठंही गेली तरी दुसऱ्या वर्षी नाटक बसवतात. आमच्याकडच्या मराठी मंडळातही दर हिवाळ्यात एकांकिकांची स्पर्धा असायची. भाड्याचं शाळेचं सभागृह, शुक्रवारची सुट्टी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत नाटकं आणि मधे बटाटेवडे. नियम एकच होता आणि कडक होता. चाळीस मिनिटं. त्याच्या वर गेलात की बाद. सूचनेची घंटा नाही, दयामाया नाही. आदल्या वर्षी आमचा, म्हणजे आम्ही राहायचो त्या मंगाफ भागाचा, संघ असाच बाद झाला होता, आणि त्याला कारण माझा नवरा. तो नट चांगला आहे, फार चांगला आहे, पण प्रेक्षक हसले की त्याच्या अंगात येतं. दोन वाक्यांची त्यानं बारा केली, लोक खुर्च्यांवरून पडायच्या बेतात आले आणि आम्ही स्पर्धेतून बाहेर पडलो.

त्यामुळे पुढच्या वर्षी आमच्या संघात दिग्दर्शन करायला कुणी तयारच होईना. ह्याला आवरणार कोण? मी हात वर केला. कॉलेजात मी कायम विंगेत, संहिता घेऊन कुजबुजणारी. बाकीच्यांची वाक्यं मला पाठ असायची आणि कुठं काय चुकतंय तेही दिसायचं, पण बोलायची सोय नव्हती. आता होती. मला बक्षीस नको होतं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खोटं होतं, हवंच होतं. पण त्याही आधी मला नाटक चाळीस मिनिटांत बसवायचं होतं. पुन्हा बाद झालो असतो तर "नवऱ्यापुढं बाईंचं काय चालणार" असं म्हणून विषय संपला असता, आणि मला दुसरं नाटक कुणी दिलं नसतं. एवढी एकच संधी होती.

नाटक आमच्याच इमारतीतल्या एका अकाउंटंटनं लिहिलेलं. गावी राहणारे एक निवृत्त वडील, लोखंडी पलंग, तिपाईवर फोन. परदेशातल्या मुलाच्या फोनची वाट बघणारे. शेवटी वडिलांचं एक लांबलचक स्वगत होतं, फोनकडे बघून. मुलाला जे जे सांगायचं राहिलं ते सगळं. त्यानंतर शेवटचं वाक्य, बायकोला उद्देशून: "त्याचा फोन आला तर सांग, मी झोपलोय." आणि पडदा.

ते स्वगत म्हणजे नवऱ्याचा जीव की प्राण. प्लँटला जाता-येता गाडीत त्याचा सराव चालायचा. घरी हॉलमध्ये तालमी. एकदा तो इतका रंगला की खालून इमारतीचा राखणदार, आमचा इजिप्शियन हारिस, धावत वर आला. दार उघडलं तर त्यानं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच मला विचारलं, "मुश्किला?" काही अडचण आहे का? नवरा-बायकोचं जोरात जुंपलंय असं बिचाऱ्याला वाटलेलं. त्याला बसवून चहा दिला तेव्हा कुठं त्याची खात्री पटली.

मला ते स्वगत पहिल्या वाचनापासून पटलं नव्हतं. भाषा सुंदर होती, पण असे वडील मी कुठं बघितले नव्हते. माझे नाहीत, त्याचे तर नाहीतच. पण ते काढा म्हणायची माझी छाती झाली नाही. मी फक्त एक अट घातली. "मी विंगेतून लाल टॉर्च दाखवली की स्वगत असेल तिथं सोडायचं आणि थेट शेवटच्या वाक्यावर यायचं." तो हसून म्हणाला, "दाखव की. तशी वेळच येणार नाही."

स्पर्धेच्या दिवशी मी विंगेत उभी राहिले. जरीची साडी, डाव्या हातात पाणबुड्यांचं घड्याळ, उजव्या हातात टॉर्च. विंगेत मिट्ट काळोख होता. दुसरं कुठलंही घड्याळ तिथं दिसलं नसतं, पण माझे काटे हिरवे चमकत होते. पडदा सरकला, कट् कट् कट्, त्रिकोण काट्यासमोर. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! पाणबुड्याला पाण्यात उतरताना असंच वाटत असेल.

आणि नाटक उभं राहिलं हो! माणसं हसायला हवी होती तिथं हसली. नवऱ्यानं पदरचं एक वाक्य टाकलं नाही. मधल्या अंधारात पलंग फिरवायचा होता, पण ते करणाऱ्या दोघांपैकी एकाला सकाळीच प्लँटवर इमर्जन्सी ड्यूटी लागलेली. मग मीच पदर खोचला, टॉर्च तोंडात धरली आणि पलंगाचं एक टोक उचललं. हात लोखंडी दांडीत अडकला, तो ओढून काढला आणि विंगेत पळाले. दिवे आले.

नवरा तिपाईजवळ आला. स्वगत सुरू झालं. दोनच वाक्यं झाली असतील आणि मी घड्याळ बघितलं. मिनिटकाटा रिंगेवरच्या चाळिसाच्या उंबरठ्यावर!

एवढी मिनिटं गेली कुठं? पण विचार करायला वेळ होता कुणाला? मी टॉर्च लावली.

फोन माझ्या बाजूलाच होता, त्यामुळे फोनकडे बघताना त्याला मी दिसत होते. त्यानं लाल उजेड बघितला. वाक्य अर्धं राहिलं. तो माझ्याकडे नुसता बघत उभा राहिला. नक्की? असं त्याचे डोळे विचारत होते. मी टॉर्च खाली केली नाही. त्याच्या गळ्याची हालचाल मला दिसली, गिळलं त्यानं ते सगळं स्वगत. प्रेक्षकांना वाटलं म्हातारा फोनकडे बघतोय. सभागृहात शे-दोनशे माणसं, आणि प्रत्येकाचा कुणीतरी गावी फोनजवळ बसलेला. चिडीचूप. मग तो वळला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "त्याचा फोन आला तर सांग, मी झोपलोय."

पडदा पडला. टाळी नाही. काहीच नाही. मेलो, असं मला वाटलं. मग कुणाचं तरी नाक ओढल्याचा आवाज आला, आणखी एकाचा, आणि मग जो कडकडाट सुरू झाला तो थांबेचना. पहिल्या रांगेतले आमचे अकाउंटंट लेखक, ज्यांचं स्वगत मी खाल्लं होतं, ते रुमालात तोंड लपवून रडत होते.

मी वेळ बघणाऱ्या कार्यकर्त्याकडे धावले. "बसलं ना? बसलं ना वेळेत?"

"वहिनी, अहो भरपूर वेळ होता," तो म्हणाला. "चांगली सात-आठ मिनिटं हातात होती तुमच्या."

मी घड्याळाकडे बघितलं. रिंगेच्या कडेला पलंगाचा हिरवा रंग लागला होता. दांडीत हात अडकला तेव्हा ती सरकली होती, आणि अर्थातच एकाच बाजूला सरकली होती. मिनिटं जास्त झाली आहेत असंच तिनं मला सांगितलं. पाण्याखाली असते तर मी सुखरूप वर आले असते. इथं मात्र नवऱ्याचं अख्खं स्वगत पाण्यात गेलं होतं.

तो विंगेत पलंगाला टेकून उभा होता, केसांना पांढरी पावडर, डोळ्यांत पाणी. मी सरळ सांगून टाकलं. "अहो, वेळ होता. रिंग सरकली होती माझी."

"म्हणजे मला बोलता आलं असतं?"

"सगळं."

त्यानं केसांतली पावडर झटकली. तेवढ्यात मुंबईहून परीक्षक म्हणून आलेले एक जुने नट आत आले. त्यांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "ती शेवटची स्तब्धता! स्वगत सुरू केलंत, आणि म्हाताऱ्याला बोलताच येत नाही. कुणाची कल्पना?"

मी तोंड उघडणार होते. रिंग, पलंग, सगळं सांगणार होते. त्याआधीच नवरा बोलला.

"हिची. मी बोलणार होतो. हिनं थांबवलं."

"आणि तुम्ही थांबलात?" त्या गृहस्थांना नटांचा अनुभव दांडगा असावा.

"दिग्दर्शक आहे ती," तो म्हणाला.

लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती. त्यानं मला कितीतरी नावांनी हाक मारली होती, लाडाच्या आणि रागाच्याही. हे पहिल्यांदाच. मला इतकं भरून आलं की मी तिथल्या तिथं उडीच मारायची राहिले. परीक्षक पुढच्या नाटकाला निघून गेले आणि तो माझ्याकडे वळला.

"बाबा असंच करतात," तो म्हणाला. "दोन वाक्यं, आणि ठेव म्हणतात. तुला पहिल्या वाचनालाच ते स्वगत नको होतं ना? तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं मला. मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

त्यानं खरोखर विचार केला. "नसतं ऐकलं," म्हणाला. "आता ऐकेन."

"नक्की?"

"नक्की."

"मग सांगते. पहिल्या प्रवेशात तुम्ही खोकलात, ते फार झालं. आणि चष्मा पुसताना तुम्ही म्हातारे राहात नाही, इंजिनियर होता."

त्याचा चेहरा क्षणभर पडला. मग तो विंगेतल्या त्या लोखंडी पलंगावर बसला आणि शेजारची जागा हातानं झटकून मला म्हणाला, "बस. आणखी काय काय, ते सांग."